देवदार नसलेली चोवीस झाडं

फोटो आला तेव्हा मी सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका बंगल्याच्या गच्चीवर कुंड्या कुठं ठेवायच्या ते खडूनं आखत होते. साताऱ्याजवळच्या एका गावातून माने सुभेदारांनी पाठवलेला फोटो. ओळीनं लावलेली झाडं, खालून निम्म्यापर्यंत तांबूस झालेली. मागं शाळेची भिंत. भिंतीला टेकवलेली नवी कोरी पाटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात 'देवदार बाग'. आणि खाली एक ओळ: "ताई, झाडं लाल पडाय लागलीत. काय करू?"

दिवसभरात तो फोटो मी वीसेक वेळा उघडला असेल. झाडांकडं कमी आणि पाटीकडं जास्त बघत होते. कारण ती झाडं देवदार नव्हती, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आधी थोडं सांगायला हवं. मी सांगली-मिरजेत लोकांच्या बागा आखून देते. गेल्या पावसाळ्यात सुभेदारांचा फोन आला होता, कुणाकडून तरी माझा नंबर घेऊन. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती. त्यांच्याच गावचा, त्यांच्याच पलटणीतला मित्र दत्ता वर पहाडात ड्युटीवर असताना बर्फाचा कडा कोसळून गेला. त्याच्या नावानं शाळेशेजारच्या जागेत बाग करायची होती. "जिथं तो गेला, त्याच्या खालच्या अंगाला आमचा तळ हुता," सुभेदार म्हणाले होते. "सगळीकडं देवदार. तसलीच झाडं पायजेत बगा, ताई."

देवदार साताऱ्याच्या उन्हाळ्यात टिकत नाही. हे वाक्य फोनवर बोलायला दहा सेकंदं लागली असती. मी म्हणाले, "बघते." मग रोपांच्या एका व्यापाऱ्याला विचारलं, त्यानं मोबाइलवर निळसर हिरवी, गुडघाभर उंचीची जुनिपरची रोपं दाखवली, आणि मी चोवीस रोपं टेम्पोतून परस्पर गावाला पाठवली. सुभेदारांना म्हणाले, "देवदाराच्याच गोतावळ्यातली आहेत." शिवाय सांगितलं, "रोज पाणी घाला, चुकवू नका." जमीन कशी आहे ते बघायला मी गेलेच नाही. जाईन जाईन म्हणत दिवाळी गेली, संक्रांत गेली.

तर, निघायचं ठरलं ते असं. त्या संध्याकाळी जेवताना मी तीनदा ताटावरून उठले. बाबा म्हणाले, "सुजा, एकदा काय ते जाऊन बघून ये. नाहीतर मी येतो संगं."

बाबा मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्याच्या बागेत छत्तीस वर्षं माळी होते. आता चौऱ्याहत्तरीचे आहेत. मी शेतकी कॉलेजात झाडांची लॅटिन नावं पाठ केली. बाबांनी पान चुरगाळून, वास घेऊन, खोड खरवडून झाडं ओळखली. निवृत्त झाल्यापासून त्यांचाही पाय घरात ठरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते पिशवीत कात्री, खुरपं आणि भडंगाचा पुडा घेऊन गाडीत बसलेले होते. पण गच्चीचं राहिलेलं काम उरकून मला निघायलाच साडेदहा वाजले.

पहिला दिवस: सांगली, इस्लामपूर, कराड, सातारा

सांगली ते पेठ नाका हा रस्ता ऊसतोडीच्या दिवसांत करणार असाल तर सकाळी लवकर करा. आष्ट्यापासून पुढं उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, एकामागं एक दोन जोडलेल्या, आणि त्यांना ओलांडून जाण्यात जीव मेटाकुटीला येतो. मला तर त्या दिवशी प्रत्येक ट्रॉली मुद्दाम आडवी आल्यासारखी वाटत होती. मी हॉर्न वाजवत होते. बाबा शांतपणे भडंग खात होते. "त्याला काय पंख हायत व्हय उडायला?" एवढंच म्हणाले.

इस्लामपूरच्या पुढं धाब्यावर आख्खा मसूर आणि रोटी खाल्ली. दोघांचं अडीचशेत झालं. या पट्ट्यातला आख्खा मसूर चुकवू नका. घट्ट, तिखट, वर कच्चा कांदा. मी मात्र अर्धी रोटी टाकून हात धुतले. पेठ नाक्यापासून महामार्गाला लागलो. रुंदीकरणाचं काम चालू असल्यानं दर थोड्या अंतरावर वळण घालून सेवा रस्त्यावर काढतात. अंतर दीड तासाचं असलं तरी हाताशी अडीच तास ठेवा.

कराडच्या अलीकडं बाबांनी गाडी थांबवायला लावली. एका शेताच्या बांधावर उंच, झिरमिळ्या झाडांची रांग होती.

"हे काय हाय सांग," ते म्हणाले.

"सुरू. बाबा, मला उशीर होतोय."

"गावात काय झाडं पळून चाललीत?" त्यांनी एक हिरवी सुई तोडून माझ्या हातात दिली. "वढ."

ओढल्यावर ती सुई सांध्यासांध्यांवर सुटली, खेळण्यातल्या आगगाडीचे डबे सुटावेत तशी. सुरू दिसतं पाइनसारखं, पण ते सूचिपर्णी नाही. ती सुई म्हणजे बारीक फांदी असते, पानं सांध्यावर खवल्यांएवढी. बाजारात कित्येकदा हेच 'पाइन' म्हणून खपवतात. हे मला कॉलेजपासून माहीत होतं. बाबांनी ते का करून दाखवलं, तेही कळलं. मी गाडी सुरू केली.

चारच्या सुमाराला गावात पोचलो. साताऱ्याहून कोरेगावच्या रस्त्याला, मुख्य रस्ता सोडून थोडं आत. सुभेदार वेशीवरच उभे होते. ताठ, पांढऱ्या मिशा, पायात कॅनव्हासचे बूट. "राम राम," त्यांनी बाबांना म्हटलं. "जयभीम," बाबा म्हणाले, आणि दोघं जणू मागल्या आठवड्यातच भेटल्यासारखे चालायला लागले.

बागेत एक बाई कळशीनं पाणी घालत होत्या. साठीच्या आतबाहेर, बारीक अंगाच्या, पदर खोचलेला. "ह्या कमलवहिनी," सुभेदार म्हणाले. "दत्ताच्या."

वहिनींनी कळशी खाली ठेवली नाही. आधी ओळीतलं शेवटचं झाड पुरं केलं, मग आल्या. "ताई, तुमी सांगितल्यापास्नं एक दिवस चुकवला न्हाई बगा," त्या म्हणाल्या. "पाऊस थांबल्यापास्नं रोज सकाळी चोवीस कळशा. उनाचं वाटलं तर सांजच्याला आणिक एकेक. ताप आला हुता तवाबी आले. तरीबी का लाल पडत्यात?"

मी खाली बघितलं. काळी, चिकट, भारी जमीन. माझी चप्पल आत रुतली आणि काढताना आवाज झाला. प्रत्येक झाडाभोवती वहिनींनी हातानं सुबक आळं केलं होतं, आणि त्यात पाणी तसंच उभं होतं.

जुनिपरला निचरा लागतो. मुळांना हवा लागते. काळ्या मातीत रोज पाणी म्हणजे मुळं कुजणारच. बाबांनी एका झाडाचा शेंडा दोन बोटांत धरून सोडला आणि माझ्याकडं बघितलं. बोलायचं मला होतं.

"बघू," मी म्हणाले. "उद्या पाचगणीला जाते. तिथं कुठली झाडं टिकलीत ते बघून मग ठरवू."

हे मी त्या क्षणी बनवलं होतं. तिथून निघता यावं म्हणून.

"मग आमीबी येतो की," सुभेदार म्हणाले. "वहिनी, तुमीबी चला. वाईच्या फुडं कवा गेलाय?"

"मी? आन पाणी कोण घालंल?"

"एक दिस ऱ्हाऊ द्या," बाबा हळूच म्हणाले.

आम्ही साताऱ्यात बसस्थानकाजवळच्या लॉजवर राहिलो. खोली बाराशे, गरम पाणी सकाळी सहा ते आठ, गाडी लावायला जागा आहे. एवढं पुरेसं. झोपेबद्दल विचारू नका.

दुसरा दिवस: वाई, पसरणी घाट, पाचगणी

साडेसातला दोघांना गावातून घेतलं. वहिनी इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या होत्या. गाडीत बसण्याआधी त्या बागेकडं जाऊन आल्या; हात ओले होते, म्हणजे कळशी झालीच होती. वाईत पोहे आणि चहा, चौघांचे एकशेसाठ. मग पसरणी घाट. नवी गाडी चालवणाऱ्यांनी इथं घाई करू नये, वळणं अवघड नाहीत पण समोरून येणारे पर्यटक वेड्यासारखे येतात. खाली धोम धरणाचं पाणी दिसायला लागल्यावर वहिनी खिडकीला टेकल्या. "एवढं वर येतं व्हय माणूस," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं, "ह्यास्नी ह्याच्यापेक्षा किती वर पाठवलं हुतं?"

"लय वर," सुभेदार म्हणाले. "इचारू नका."

पाचगणीत शिरताना गाडीची पावती फाडावी लागते, सुटे पैसे ठेवा. गाव सिल्व्हर ओकांनी भरलेलं आहे, त्याचा सूचिपर्णींशी काही संबंध नाही. पण जुन्या बंगल्यांच्या आवारांत साहेबाच्या काळापासून लावलेली खरी सूचिपर्णी झाडं आहेत. आपल्या या डोंगरांत मूळचा असा सूचिपर्णी वृक्ष जवळपास नाहीच. जे दिसतं ते कुणीतरी आणून लावलेलं असतं. एका बंगल्याच्या राखणदारानं बाबांशी पाच मिनिटं गुलाबांबद्दल बोलून आम्हाला आत सोडलं.

तिथं जे शिकायचं ते कुठल्याही पुस्तकापेक्षा झटपट शिकता येतं, म्हणून लिहिते. मोरपंखी बघा: फांदी चपटी, उभी, हात जोडावा तशी. लोक तिला थुजा म्हणतात, आपल्या उन्हाला ती बऱ्यापैकी सोसते, पण कुंपणाला दाट लावली की आतून वाळते. अरौकेरिया म्हणजे आपल्याकडं 'ख्रिसमस ट्री' म्हणून कुंडीत विकतात ते. फांद्या मजल्यामजल्यांनी निघतात, दोन मजल्यांमध्ये नुसतं खोड. कुंडीत ते गोजिरवाणं दिसतं, जमिनीत लावलं तर तीनमजली घराच्या वर जातं, तेव्हा भिंतीपासून लांब लावा. सायप्रसची पानं बारीक खवल्यांची, फांदी गोल, चुरगाळली की लिंबासारखा वास. आणि जुनिपर: कोवळी पानं टोचतात, जुनी फांदीला खवल्यांसारखी चिकटतात, आणि एकाच झाडावर दोन्ही सापडतात. बाबांनी वहिनींचा हात धरून तो त्या दोन्ही पानांवरून फिरवला. "हे टोचतंय, हे न्हाई टोचत. झाड एकच," ते म्हणाले. वहिनींना गंमत वाटली. त्या प्रत्येक झाडाला हात लावत, वास घेत पुढं गेल्या. राखणदारानं चहा टाकला होता, बाबा आणि त्या तिकडं वळले.

सुभेदार आणि मी अरौकेरियाखाली उभे होतो. मी सारखी किल्ली या हातातून त्या हातात करत होते.

"हेबी देवदार न्हाई," सुभेदार म्हणाले.

"नाही."

"आन आमच्या बागंतलंबी न्हाई."

माझ्या हातातली किल्ली पडली. त्यांनी ती उचलून दिली.

"देवदाराच्या सुया झुपक्या-झुपक्यानं असत्यात," ते म्हणाले. "फांदीचं टोक खाली वाकलेलं. बर्फ पडला की घसरून जातो त्याच्यावरनं. अकरा वर्षं त्या झाडांखाली काढलीत, ताई. टेम्पोतनं पयलं झाड उतरवलं तवाच कळलं मला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"वाट बघत हुतो. म्हटलं, बाई शिकलेली हाय, झाडांतली हाय, सांगंल की कधीतरी. मग पाटी रंगवून घेतली. मुद्दाम. म्हटलं, फोटोत पाटी बघून तरी तुमी बोलशीला."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "चुकले." आणखी खूप काही म्हणायचं होतं, देवदार इथं का जगत नाही ते, व्यापाऱ्यानं काय सांगितलं ते. पण ते सगळं त्या एका शब्दापुढं लंगडं होतं. मी एवढंच विचारलं, "वहिनींना?"

"त्येंला म्हाईत न्हाई. त्येंनी देवदार बघितलाय कुठं? दत्ताच्या पत्रात वाचलेला."

"मी सांगते."

"सांगा. आत्ता सांगा. उद्यावर ढकलू नका."

आम्ही चहाच्या बाकापाशी गेलो. वहिनी बशीत चहा ओतून पीत होत्या. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. झाडं देवदार नाहीत, जुनिपर आहेत, आणि हे मला माहीत असून मी सांगितलं नाही. आणि ती लाल पडली ती पाणी जास्त झाल्यानं. "रोज पाणी घाला असं मी सांगितलं होतं. जमीन न बघता. चूक माझी आहे."

पहिली गोष्ट त्यांनी सहज घेतली. "देवदार न्हाई तर न्हाई. मला काय, हिरवं ऱ्हायलं म्हंजे झालं," त्या म्हणाल्या. मग दुसरी गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली. बशी हातातच राहिली.

"म्हंजे मी मारली झाडं."

"नाही वहिनी, मी..."

"तुमी सांगितलं. घातलं मी."

बशी तशीच बाकावर ठेवून त्या गाडीकडं चालायला लागल्या. टेबललँडवर गेलो, वारा मस्त होता, घोडेवाले मागं लागले, सुभेदारांनी स्ट्रॉबेरीची पेटी घेतली, कुणीच नीट खाल्ली नाही. परतीच्या घाटात मी दोनदा चुकीचा गिअर टाकला. मागच्या सीटवर वहिनी आपल्या हातांकडं बघत होत्या. गावात सोडलं तेव्हा ऊन अजून होतं. त्या बागेकडं न बघता सरळ घरी गेल्या. मला वाटलं, आता ही बाई पुन्हा त्या जागेत पाऊल टाकणार नाही, आणि त्याला मी कारण.

तिसरा दिवस: गावात

आमचा सकाळी सांगलीला निघायचा बेत होता. लॉजच्या खोलीत मी पाच वाजल्यापासून येरझाऱ्या घालत होते. शेवटी बाबाच म्हणाले, "चल, गावाकडंनं जाऊ."

आठ वाजता पोचलो तर वहिनी बागेत होत्या. हातात कुदळ. पहिलं झाड मुळासकट उपटून बाजूला ठेवलेलं, दुसऱ्याभोवती खणत होत्या. सुभेदार भिंतीपाशी उभे होते, अडवायला गेले नव्हते.

"बगा," वहिनी मला म्हणाल्या आणि उपटलेलं झाड माझ्यापुढं धरलं. मुळं काळी होती, बोटानं ओढली की साल सुटून येत होती. वास तर असा की शेजारून जाणाऱ्या म्हशीनंही मान वळवावी. "रातभर वाटत हुतं, झाडंच चुकीची म्हणून मेली आन ताई पाण्याचं खोटं सांगत असंल. मला बरं वाटावं म्हणून न्हवं, सवताला बरं वाटावं म्हणून. म्हणून उकरून बघितलं. खरंच हाय."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी चप्पल काढून खाली बसले आणि तिसरं झाड खणायला घेतलं.

दुपारपर्यंत आम्ही चौघांनी चोवीसच्या चोवीस झाडांची मुळं बघितली. हे करणार असाल तर पूर्ण उपटायची गरज नाही. कडेनं वीतभर खणा, बोटानं माती सारा. मूळ पांढरं, कडक असेल तर झाड वाचतं. काळं, मऊ असेल तर गेलं. आमची पंधरा गेली होती. नऊ जिवंत होती, त्यातली सहा ओळीच्या उंच टोकाला, जिथं जमीन किंचित उताराची होती आणि मुरूम वर आलेला होता. याचा अर्थ सरळ होता. झाडाला पाण्यापेक्षा उंची हवी होती.

सुभेदारांनी पुतण्याला सांगून ट्रॅक्टरभर मुरूम मागवला. मुरूम, वाळू आणि थोडं शेणखत मिसळून गुडघ्याएवढे उंचवटे केले आणि ती नऊ झाडं मातीच्या गड्ड्यासकट त्यांवर बसवली. खोडाभोवती आळं करायचं नाही, उलट माती बाहेरच्या बाजूला उतरती ठेवायची. बाबा वहिनींना शिकवत होते. "बोट घालायचं. दुसऱ्या पेरापर्यंत. वल लागली, तर पाणी न्हाई. कोरडं लागलं, तरच."

"म्हंजे कवा?"

"थंडीत आठ-धा दिसांनी. उन्हाळ्यात चार-पाच. बोट सांगंल."

वहिनी उंचवट्यावर हात टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "आठ दिसांनी एकदा. आन मधल्या दिसांत मी काय करू?"

बाबांनी बोटाची माती पुसली.

"पोरी नांदायला गेल्या," त्या म्हणाल्या, कुणाकडंच न बघता. "रान वाट्यानं दिलंय. सकाळी उठलं की हिकडं यायचं, एवढंच काम हुतं. चोवीस कळशा. येकेका झाडापाशी ह्येंच्यासंगं चार शब्द बोलायचं. घरात बसलं की भिंती अंगावर येत्यात, ताई. मला काय कळत न्हवतं व्हय, पाणी ढीगभर हुतंय ते? आळ्यात उभं दिसत हुतं की. पर घातल्याबिगर जीव ऱ्हायचा न्हाई."

हे ऐकून मी उठले आणि भिंतीपर्यंत जाऊन परत आले. पाणी घातल्याशिवाय राहवत नाही. गेल्याशिवाय, केल्याशिवाय, फोन उघडल्याशिवाय राहवत नाही. ही तगमग मला अनोळखी नव्हती. फक्त माझी तगमग खोटं लपवायला धावत होती आणि वहिनींची एका गेलेल्या माणसाशी बोलायला. दोन्हींना एका मापात घालणं बरोबर नाही, हे तिथंच कळलं.

बाबांनी पिशवीतनं कात्री काढली. वाचलेल्या झाडांच्या बाजूच्या, पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या त्यांनी वीतभर लांबीच्या तोडल्या. तोडल्या म्हणजे खाली ओढून काढल्या, बुडाशी जुन्या सालीचा एक छोटा तुकडा, ज्याला टाच म्हणतात, राहील अशा. खालची पानं खुडली. सुभेदारांच्या घरून सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांतून भरड वाळू आणली, पिशव्यांत भरली आणि प्रत्येकीत एक कांडी रोवली. तीस झाल्या.

"ह्यास्नी मुळं न्हाईत," बाबा वहिनींना म्हणाले. "त्यामुळं पाणी वरनं लागतं. रोज. सकाळी एकदा, दुपारी एकदा, हातानं शिपडायचं, पान भिजंल एवढंच. सावलीत ठेवायच्या. तीन-चार म्हैनं."

"रोज?"

"रोज. चुकवायचं न्हाई."

वहिनींनी बादलीत हात बुडवला आणि पहिल्या पिशवीवर शिंतोडा उडवला. जास्त झाला. बाबांनी त्यांचा हात धरून परत दाखवला. दुसरा नीट झाला.

मी मध्ये पडून सांगितलं, "वहिनी, ह्यांतल्या बऱ्याच जगणार नाहीत. जुनिपरची कांडी हट्टी असते. निम्म्याही नाहीत कदाचित. हे आधीच सांगून ठेवते."

"आता सगळंच सांगाय लागला व्हय, ताई," त्या म्हणाल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

निघताना सुभेदारांनी पाटी उचलली. 'देवदार' हा शब्द त्यांनी ब्लेडनं खरवडायला घेतला होता. "आता काय लिवू? जुनिपर बाग?" त्यांनी मला विचारलं. उत्तर वहिनींनी दिलं, "झाडाचं नाव कशाला? ह्येंचं लिवा की." सुभेदारांनी मान डोलावली आणि उरलेली अक्षरं खरवडायला घेतली. बहुधा कुणालाच ते आधी सुचलं नव्हतं.

घरी

साताऱ्यात कंदी पेढे घेतले, उंब्रजला उसाचा रस प्यायलो, पेठ नाक्यावर ट्रॉल्यांच्या मागं तासभर अडकलो. या वेळी हॉर्न वाजवला नाही. तीन दिवसांचा खर्च डिझेल, लॉज, खाणं धरून सात हजारांच्या आत बसला. ऊसतोड संपल्यावर, पण कडक उन्हाळ्याआधी गेलात तर रस्ता मोकळा मिळेल आणि पाचगणीत स्ट्रॉबेरीही असेल. सूचिपर्णी झाडं बघायलाच जाणार असाल तर बंगल्यांच्या राखणदारांशी आधी बोला, झाडांबद्दल मग.

घरी आल्यावर मी वही उघडली आणि गेल्या काही वर्षांत न बघता, फोनवर झाडं पाठवलेल्यांची यादी केली. सात नावं निघाली. सातही जणांना फोन केले. दोघांना काही फरक पडला नाही. तिघांनी या, बघा म्हटलं, आणि मी जाऊन बघते आहे. एकांनी फोन उचललाच नाही, अजून उचलत नाहीत. मिरजेतले एक डॉक्टर फार चिडले. त्यांच्या दारातलं अरौकेरिया पाच वर्षांत छपराच्या वर जाणार हे मी त्यांना लावतानाच सांगायला हवं होतं, असं ते म्हणाले. बरोबरच म्हणाले. त्यांचं पुढचं काम आता दुसऱ्या कुणाकडं आहे.

मन शांत झालं का, असं कुणी विचारलं तर नाही. अजूनही काम ठरलं की आधी धावत सुटावंसं वाटतं. फरक इतकाच की आता आधी जागेवर जाते आणि बोट मातीत घालून बघते. पुष्कळदा त्या बोटामुळं गिऱ्हाईकाला नको ते सांगावं लागतं. बाबांना मात्र हा प्रवास मानवला. ते आता गच्चीत वाळूच्या पिशव्या मांडून बसलेत आणि रोज आईशी जागेवरून भांडतात.

वैशाखात एका दुपारी कमलवहिनींचा फोन आला. मोठ्यानं बोलतात त्या, फोनवर भरवसा नसल्यासारख्या.

"ताई, नऊच्या नऊ हिरवी हायत. आन कांड्यांतल्या चार फुटल्या."

"तीसमधल्या चार?" माझ्या तोंडून निघालं. मला वाईट वाटलं ते त्यांना कळलं असावं. मी घाईघाईनं काही धीराचं बोलणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"सव्वीस गेल्या. एकेक उपसून बघितली मी. काळं न्हवतं बुडाशी, वासबी न्हवता. माझ्या पाण्यानं न्हाई गेल्या त्या, ताई. त्यास्नी यायचंच न्हवतं."

आणि मग, मी काही म्हणायच्या आत, "बरं ठेवते. शिपडायचं हाय."